आडात आहे, पण पोहऱ्यात नाही : इलेक्ट्रिक गाडीतल्या चुंबकाची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तुमच्या-माझ्या स्कूटरच्या चाकात बसलेला आहे, आणि गंमत म्हणजे तो आपल्याला कधीच दिसत नाही. विषय आहे चुंबक. शाळेत लोखंडाचा कीस उचलायला वापरायचो, त्याचाच हा खूप ताकदवान, खूप महाग आणि सध्या खूप भाव खाणारा भाऊबंद.

सुरुवात एका तारखेपासून करतो. ४ एप्रिल २०२५. त्या दिवशी चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. सॅमॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं होतं, त्याला हे उत्तर होतं. आता नीट ऐका, ही बंदी नव्हती. नियम असा की, ही द्रव्यं किंवा ती घालून बनवलेले चुंबक बाहेर पाठवायचे तर प्रत्येक वेळी सरकारी परवाना हवा. माल कोण घेणार, कशासाठी घेणार, लष्करी कामासाठी वापरणार नाही याची हमी, त्यावर शिक्के, मग अर्ज, मग वाट पाहणं.

बंदी नाही, फक्त कागद. पण त्या कागदाने काय केलं बघा. मे महिन्यात अमेरिकेत फोर्डला शिकागोच्या कारखान्यात एक्सप्लोरर गाडीचं काम काही दिवस थांबवावं लागलं. जपानमध्ये सुझुकीने स्विफ्टचं उत्पादन थांबवलं. आणि आपल्याकडे, जुलैच्या अखेरीस राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं की, ऑगस्टमध्ये त्यांच्या कंपनीचं इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. नंतर ऑगस्टच्या उत्तरार्धात पुरवठा थोडा सुरळीत झाला आणि गाडं पुढे गेलं. पण पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यात ज्यांचं पोट या गाड्यांवर आहे, त्यांच्यासाठी ते आठवडे सोपे नव्हते. मोठी कंपनी महिनाभर थांबू शकते. तिला ब्रॅकेट आणि वायरिंग हार्नेस पुरवणाऱ्या वीस कामगारांच्या युनिटला महिना फार लांब असतो.

म्हणून आज तीन गोष्टी बघू. हा चुंबक एवढा अडून का बसलाय? तो चीनच्याच हातात कसा गेला? आणि आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत याचा कच्चा माल असताना आपण हात पसरून का उभे आहोत?

मोटरच्या पोटात काय असतं

इलेक्ट्रिक मोटरमध्ये दोन भाग. एक स्थिर, त्याला स्टेटर म्हणतात. त्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी. दुसरा फिरणारा, तो रोटर. स्टेटरमध्ये वीज सोडली की, फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि रोटर त्याच्या मागे ओढला जातो. आता ओढलं जायचं तर रोटरलाही चुंबकत्व हवं. ते आणायचे मुख्य मार्ग दोन. एक, रोटरमध्येही वीज खेळवायची. इंडक्शन मोटर तेच करते. आपल्या शेतातला विहिरीवरचा पंप बहुतेक करून इंडक्शन मोटरवरच चालतो. दुसरा मार्ग, रोटरमध्ये कायमचे चुंबकच बसवायचे. वीज नको, काही नको, चुंबकत्व आयतं.

मग सगळ्यांनी पंपासारखी मोटर का नाही वापरली? कारण रोटरमध्ये वीज खेळवली की तिथे उष्णता होते, म्हणजे बॅटरीतली वीज वाया जाते. पंपाला ते चालतं, त्याला महावितरणची तार आहे. स्कूटरला नाही चालत. तिची शिदोरी मोजकी असते. मोटरने चार टक्के वीज वाचवली, तर शंभर किलोमीटरमागे साधारण चार किलोमीटर जास्त, किंवा तेवढीच बॅटरी लहान. शिवाय चुंबकाची मोटर त्याच ताकदीला आकाराने लहान आणि वजनाला हलकी होते. चाकाच्या आत मोटर बसवायची असेल तर जागाच किती आहे?

एका इलेक्ट्रिक कारमध्ये साधारण एक ते दोन किलो असे चुंबक लागतात. स्कूटरमध्ये काहीशे ग्रॅम. लाख-दीड लाखाच्या गाडीत या काहीशे ग्रॅमची किंमत अगदी थोडी. पण मिठाशिवाय आमटी होत नाही आणि मीठ स्वस्त आहे म्हणून कमी महत्त्वाचं ठरत नाही, तसंच हे.

आणि हा प्रश्न फक्त इलेक्ट्रिक गाड्यांचा आहे, असं समजू नका. मघाशी ज्या दोन गाड्यांची नावं घेतली, एक्सप्लोरर आणि स्विफ्ट, त्या काही बॅटरीवरच्या गाड्या नाहीत. पॉवर स्टीअरिंग, सीट मागेपुढे करणारी मोटर, सेन्सर, स्पीकर, सगळीकडे चुंबक आहेत. पवनचक्क्यांत तर किलोंचा नाही, काहीशे किलोंचा हिशेब असतो.

हा चुंबक जन्मला कसा

या चुंबकाचं नाव निओडिमियम-लोह-बोरॉन. वजनाने बघितलं तर दोन तृतीयांश लोखंडच. निओडिमियम साधारण तीस टक्के, त्यात भावंडासारखं प्रॅसिओडिमियम मिसळलेलं. बोरॉन फक्त एक टक्का. फ्रिजवर चिकटवायचा काळा चुंबक असतो ना, तो फेराइटचा. त्याच्याशी तुलना केली तर तेवढ्याच आकारात याची चुंबकीय ऊर्जा दहा पटीच्या आसपास.

याच्या जन्माची गोष्ट आजच्या संदर्भात फार बोलकी आहे. १९७० च्या दशकात सगळ्यात ताकदवान चुंबक होता सॅमॅरियम-कोबाल्टचा. १९७८ मध्ये आफ्रिकेत, त्या वेळच्या झैरमध्ये, शाबा प्रांतात लढाई पेटली. जगाचा बराचसा कोबाल्ट तिथून यायचा. कोबाल्टचे भाव आभाळाला भिडले. चुंबकवाल्यांची झोप उडाली आणि कोबाल्टशिवाय चुंबक करता येईल का, याचा शोध जोरात सुरू झाला. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट, दोघे वेगवेगळ्या वाटांनी जवळपास एकाच वेळी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, निओडिमियम-लोह-बोरॉनपर्यंत पोहोचले.

म्हणजे ज्या चुंबकाची आज टंचाई आहे, तो स्वतःच एका टंचाईतून जन्मला. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

याचा एक दोष मात्र आहे. त्याला उष्णता सोसत नाही. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ऐंशी अंश सेल्सियसच्या पुढे ढिला पडायला लागतो. आता डोळ्यांसमोर आणा. नागपूरचा मे महिना, स्कूटरवर दोघं जण, पुढे उड्डाणपुलाचा चढ. मोटरच्या आतलं तापमान शंभरच्या पुढे सहज जातं. तिथे चुंबकाने दम सोडला तर तो थंड झाल्यावरही पूर्ववत होत नाही, ताकद कायमची जाते. यावर इलाज म्हणजे चिमूटभर डिस्प्रोसियम किंवा टर्बियम. ही जड रेअर अर्थ द्रव्यं घातली की चुंबक दीडशे अंश, त्याहूनही वर टिकून राहतो. एप्रिल २०२५ च्या यादीत नेमकी हीच दोन होती. निओडिमियम त्या यादीत नव्हतंच! पण चिमूटभर डिस्प्रोसियम घातलेला अख्खा चुंबक परवान्याच्या कचाट्यात सापडला. नस कुठे दाबायची हे ज्याला माहीत आहे, त्यालाच असं सुचतं.

दुर्मिळ नाव, दुर्मिळ नसलेली माती

मराठीत आपण याला दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं म्हणतो. एकूण सतरा. नाव दुर्मिळ असलं तरी ती दुर्मिळ नाहीत. सेरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकं आहे. निओडिमियम शिशापेक्षा जास्त आहे. अडचण अशी की, ती एका जागी दाट सापडत नाहीत, आणि सापडतात तेव्हा सगळी भावंडं एकमेकांना घट्ट धरून. रासायनिक स्वभाव इतका सारखा की, वेगळं करता करता नाकी नऊ येतात.

वेगळं कसं करतात? खनिज आम्लात किंवा अल्कलीत फोडायचं, द्रावण करायचं. मग ते द्रावण एका विशिष्ट सेंद्रिय द्रवाबरोबर घुसळायचं. एखादं द्रव्य किंचित जास्त प्रमाणात त्या द्रवात जातं. किंचितच. मग पुन्हा घुसळायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा वेगळं करायचं. ताक एकदा घुसळलं की लोणी येतं. इथे टाक्यांमागून टाक्या, शेकडो वेळा घुसळण. मग ऑक्साइड मिळतं. त्यापासून धातू करायला वितळलेल्या क्षारात विद्युत अपघटन. मग त्या धातूची लोखंड-बोरॉनबरोबर मिश्रधातूची पट्टी. ती हायड्रोजनने भुसभुशीत करायची, मग तीन ते पाच मायक्रॉनची पूड. ही पूड हवेत उघडी ठेवली तर पेट घेते, म्हणून सगळं काम ऑक्सिजन दूर ठेवून. मग चुंबकीय क्षेत्रात दाबून आकार द्यायचा, हजार अंशांच्या वर भट्टीत भाजायचं, कापायचं, घासायचं, गंज लागू नये म्हणून निकेलचा मुलामा द्यायचा आणि शेवटी चुंबकत्व भरायचं.

एवढं सगळं सांगितलं ते मुद्दाम. कारण आपण 'खाण' हा एकच शब्द ऐकतो आणि वाटतं, खाण सापडली की झालं. खाण ही साखळीतली पहिली कडी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार खाणकामात चीनचा वाटा सुमारे साठ टक्के, शुद्धीकरणात नव्वदच्या आसपास, आणि भट्टीतून निघणाऱ्या तयार चुंबकांत नव्वदच्याही वर. पायरी जितकी पुढची, तितकी पकड घट्ट. खरी ताकद मातीत नाही, त्या घुसळणीत आणि भट्टीत आहे.

हातातलं सुटलं कसं

हे सगळं चीनकडे आपोआप गेलं नाही. कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण अनेक वर्षं जगात अव्वल होती. जनरल मोटर्सने या चुंबकांसाठी मॅग्नेक्वेंच नावाचा उद्योग काढला, इंडियाना राज्यात. १९९५ मध्ये तो विकला. घेणाऱ्या गटात दोन चिनी कंपन्या होत्या. पुढच्या काही वर्षांत तिथले कारखाने बंद झाले आणि यंत्रं, ज्ञान चीनमध्ये गेलं. माउंटन पास २००२ मध्ये थांबली. कारण साधं होतं. चीनचा माल स्वस्त होता आणि शुद्धीकरणातली घाण स्वतःच्या अंगणात कुणालाच नको होती. ती घाण चीनने आपल्या अंगणात घेतली. इनर मंगोलियातल्या बायान ओबो खाणीच्या मालावर बाओटोऊ शहराजवळ प्रक्रिया होते, आणि तिथला टाकाऊ गाळाचा प्रचंड तलाव आज जगभर कुप्रसिद्ध आहे. डिस्प्रोसियमचा मोठा हिस्सा तर म्यानमारच्या काचिन प्रांतातून येतो. तिथे डोंगरात रसायनं मुरवून माती धुतात. आपली गाडी धूर सोडत नाही हे खरं, पण तिच्या चुंबकाचा धूर कुठेतरी निघालेला असतोच, हेही खरं.

पहिला धक्का २०१० मध्ये बसला. सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोट आणि जपानी तटरक्षक दलाच्या नौका यांची टक्कर झाली, तंटा पेटला आणि जपानकडे जाणारा रेअर अर्थचा माल अडला. २०११ मध्ये भाव गगनाला भिडले. माउंटन पास पुन्हा सुरू झाली. मग चीनचा पुरवठा वाढला, भाव कोसळले आणि २०१५ मध्ये ती चालवणाऱ्या मॉलिकॉर्प कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. यातला धडा नीट घ्या. चीनकडे दोन हत्यारं आहेत. एक, माल अडवणं. दुसरं, माल स्वस्त करणं. पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याची होत नाही, पण कारखाने त्यानेच बंद पडतात.

जपानने काय केलं? ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २०११ मध्ये सरकारी मदतीने पैसा घातला. मलेशियात कुआंतानला शुद्धीकरण कारखाना उभा राहिला, तिथल्या लोकांचा विरोध असताना. कंपनी तोट्यात असतानाही जपानने हात सोडला नाही. साठे केले, डिस्प्रोसियम कमी लागेल अशी तंत्रं काढली. २०२५ च्या मे महिन्यात लायनसने डिस्प्रोसियम ऑक्साइड काढून दाखवलं, तेव्हा ते चीनबाहेरचं पहिलं व्यापारी उत्पादन मानलं गेलं. एवढं करून जपानचं चीनवरचं अवलंबन नव्वद टक्क्यांच्या आसपास होतं, ते साठच्या आसपास आलं. दीड दशक, जपानसारखा देश, आणि एवढीच उतरंड. म्हणून कुणी 'दोन वर्षांत आत्मनिर्भर' म्हटलं, तर त्याला हे दोन आकडे सांगा.

आपल्या वाळूची गोष्ट

आता घरी येऊ. १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या एका जर्मन रसायनतज्ज्ञाने त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट ओळखलं. तेव्हा त्यातल्या थोरियमला मागणी होती. कशासाठी? गॅसबत्तीच्या मँटलसाठी! लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे त्या बत्त्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ते पांढरं जाळीचं बोंडुक आठवेल. त्या मँटलचा शोध लावणारे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनीच १८८५ मध्ये निओडिमियम वेगळं काढलं होतं. म्हणजे बत्तीच्या मँटलचा आणि आजच्या चुंबकातल्या निओडिमियमचा शोध एकाच माणसाच्या हातून गेलेला, आणि दोन्हींचा कच्चा माल आपल्या वाळूत.

१९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. आज ती आयआरईएल नावाने ओळखली जाते, आणि तिचं मुख्यालय मुंबईत, प्रभादेवीला आहे. सिद्धिविनायकाला जाताना तुम्ही त्या भागातून गेला असाल. तिचं काम चालतं केरळमध्ये चवरा आणि आलुवा, तामिळनाडूत मनवलकुरिची, ओडिशात छत्रपूर इथे. म्हणजे या धंद्यात आपण चीनच्या मागे नव्हतो, आधीपासून होतो.

साठा किती? अणुऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार देशात १३१.५ लाख टन मोनाझाइट आहे आणि त्यात ७२.३ लाख टन रेअर अर्थ ऑक्साइड. आंध्र, ओडिशा, तामिळनाडू, केरळ, बंगाल, झारखंड, गुजरात यांच्याबरोबर यादीत महाराष्ट्राचंही नाव आहे. साठ्यात आपण जगातल्या पहिल्या काही देशांत. आणि वर्षाचं उत्पादन? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या नोंदीत २०२४ साठी भारताचे २,९०० टन, चीनचे २ लाख ७० हजार टन.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे उलटं आहे. आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही. का?

पहिलं कारण थोरियम. आपल्या मोनाझाइटमध्ये आठ-दहा टक्के थोरियम असतं. ते किरणोत्सारी, आणि देशाच्या अणुकार्यक्रमासाठी राखलेलं. म्हणून मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली येतं. ते काढणं, फोडणं हे सरकारी कंपनीचंच काम. यात सुरक्षेचा विचार योग्यच होता, पण त्यामुळे रेअर अर्थ हे दुय्यम उत्पादन राहिलं आणि त्याच्या पुढचा उद्योग उभाच राहिला नाही.

दुसरं कारण किनारा. ही वाळू निर्जन वाळवंटात नाही, माणसांच्या वस्तीत आहे. केरळमध्ये कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाडच्या लोकांनी २०१९ मध्ये गाव वाचवा म्हणून मोठी मोहीम केली. वाळू उपसून समुद्र घराच्या दारात आला, हे त्यांचं म्हणणं. त्यांना विकासविरोधी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी, जड खनिजांची वाळू आहे. उद्या तिथे कुणी फावडं घेऊन आलं, तर आपण काय म्हणू? हा प्रश्न कोकणातल्या श्रोत्यांनी आत्ताच स्वतःला विचारून ठेवावा.

तिसरं कारण, मधल्या कड्याच नाहीत. ऑक्साइड आपण काढतो, पण त्याचा धातू, मिश्रधातू, भट्टीतला चुंबक या पायऱ्या व्यापारी प्रमाणावर नव्हत्या. म्हणून काय झालं? २०१२ च्या करारानुसार आयआरईएलचा माल विशाखापट्टणममधल्या एका जपानी कंपनीमार्फत जपानला जात राहिला. २०२५ मध्ये टंचाई आल्यावर ही निर्यात थांबवायला सरकारने सांगितल्याच्या बातम्या आल्या. कापूस पिकवायचा, गाठी बाहेर पाठवायच्या आणि कापड विकत आणायचं. विदर्भाला हे वेगळं सांगायला नको.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा यांच्या तंत्रावर विशाखापट्टणमला सॅमॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना झाला, वर्षाला तीन हजार किलोचा. पण तो मुख्यतः संरक्षण, अवकाश यांसाठी. तीन टनांत स्कूटरचा बाजार भागत नाही.

७,२८० कोटींचा हिशेब

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन निओडिमियमवर्गीय चुंबक देशात बनवायचे. जास्तीत जास्त पाच कंपन्या, प्रत्येकी १,२०० टनांपर्यंत. सात वर्षं, पहिली दोन उभारणीची, पुढची पाच विक्रीवर प्रोत्साहन रक्कम.

दिशा चांगली आहे, कारण या वेळी पैसा खाणीत नाही, मधल्या कड्यांत जातोय. पण एक साधा गुणाकार करू. चुंबकात तीस टक्के निओडिमियम धरलं, तर ६,००० टन चुंबकांना १,८०० टन लागेल. कापता-घासताना वाया जातं ते वेगळं. आयआरईएलची क्षमता वर्षाला साडेचारशे-पाचशे टनांची सांगतात. म्हणजे घरच्या मालावर फार तर दीड हजार टन चुंबक. उरलेल्या तीन-चतुर्थांशासाठी कच्चा माल बाहेरून आणावा लागेल, निदान सुरुवातीची वर्षं. शिवाय आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोसियम, टर्बियम नावालाच आहे. आणि तुलनेसाठी, चीन वर्षाला दोन लाख टनांच्या वर असे चुंबक बनवतो.

दुसरा प्रश्न भावाचा. सात वर्षांनी प्रोत्साहन संपेल. त्या वेळी चीनने भाव पाडले तर? मॉलिकॉर्पची गोष्ट आत्ताच ऐकली. अमेरिकेने २०२५ च्या जुलैत माउंटन पासच्या सध्याच्या मालक कंपनीला निओडिमियम-प्रॅसिओडिमियमसाठी किलोला ११० डॉलर हा किमान भाव बांधून दिला. आपल्याकडे उसाला एफआरपी असतो, तसाच काहीसा प्रकार. भावाची हमी असेल तरच कुणी वीस वर्षांचा कारखाना घालतो. आपल्याकडे असा काही आधार लागेल का, याची चर्चा सातव्या वर्षी नको, आज हवी.

चुंबकच नको म्हटलं तर?

मघाशी म्हटलं, हा चुंबक टंचाईतून जन्मला. मग आताच्या टंचाईतून काय जन्मतंय?

एक, जड रेअर अर्थ वगळणं. मोटर थंड ठेवायची व्यवस्था सुधारली, चुंबकाचे कण बारीक केले, तर डिस्प्रोसियमशिवाय भागतं. २०२५ मध्ये आपल्या दुचाकीवाल्यांनी तातडीने हीच वाट धरली. दोन, फेराइट चुंबक. स्वस्त, लोखंडाच्या ऑक्साइडपासून होणारे, देशातही बनणारे. ताकद कमी, म्हणून मोटर मोठी, रचना वेगळी. ओला इलेक्ट्रिकने अशी मोटर केल्याचं जाहीर केलं आहे. तीन, रोटरमध्ये चुंबकाऐवजी तांब्याची गुंडाळी. रेनोची झोई आणि बीएमडब्ल्यूच्या काही इलेक्ट्रिक गाड्या अशाच चालतात. चार, रिलक्टन्स मोटर. तिच्यात लोखंडाच्या आकाराचाच खुबीने उपयोग करतात.

यातलं काहीच फुकट नाही. कुठे वजन वाढतं, कुठे आवाज, कुठे इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च. टेस्लाची सुरुवातीची मॉडेल एस इंडक्शन मोटरवर होती. २०१७ च्या मॉडेल थ्रीत ते चुंबकाकडे वळले. २०२३ मध्ये पुढची मोटर रेअर अर्थविना करू असं जाहीर केलं. म्हणजे मोठ्यांचंही मागे-पुढे चालू असतं. पण रोज पन्नास किलोमीटर फिरणारी शहरातली स्कूटर आणि मालवाहू तीनचाकी, यांना जगातली सर्वांत हलकी मोटर लागत नाही. तिथे दोन किलो वजन वाढलं तर चालेल, पुरवठा तुटलेला चालणार नाही. पुण्यात मोटर डिझाइन करणारे पुष्कळ लोक आहेत. मला वाटतं, आपली सगळ्यात जवळची संधी खाणीपेक्षा या ड्रॉइंग बोर्डवर आहे.

आणि शेवटचा मार्ग, भंगार. जगात रेअर अर्थपैकी एखादा टक्काच पुन्हा वापरात येतो. जुनी मोटर भंगारात गेली की तांबं काढून घेतात, कारण त्याला भाव आहे. रोटर चुंबकासकट लोखंडाच्या ढिगात जातो, भट्टीत वितळतो, निओडिमियम मळीत संपतं. खरं तर त्या चुंबकात तीस टक्के निओडिमियम आहे. कुठल्याही खाणीत इतकं दाट मिळत नाही. हायड्रोजनने चुंबकाची पूड करून पुन्हा चुंबक करायचं तंत्र बर्मिंगहॅम विद्यापीठात विकसित झालं आहे. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. पण त्याआधी एक साधी गोष्ट हवी. मोटर उघडता आली पाहिजे, आणि आत कोणता चुंबक आहे हे वरून कळलं पाहिजे. चुंबक गोंदाने कायमचे चिकटवून टाकले, तर भंगारवाला तरी काय करणार?

तर मंडळी, ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने आणखी पाच द्रव्यं यादीत घातली, मग बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले आणि ते नवे निर्बंध वर्षभरासाठी स्थगित झाले. एप्रिलचे मात्र रद्द झाले नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, असं आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. २०१० मध्ये जपानला तहान लागली तेव्हा आपण बघत होतो. २०२५ मध्ये आपल्याला लागली. आता थोडं पाणी मिळालंय, म्हणून खणणं थांबवू नये, एवढंच.

पुढच्या वेळी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला शोरूममध्ये गेलात, तर रेंज आणि चार्जिंगबरोबर एक प्रश्न जास्त विचारा, मोटरमध्ये चुंबक कोणता आहे? समोरच्या मुलाला बहुधा माहीत नसेल, त्याच्यावर चिडू नका. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की, तो प्रश्न वर जातो.

तुमच्यापैकी कुणी मोटरच्या कारखान्यात, वाइंडिंगच्या दुकानात किंवा भंगाराच्या धंद्यात असाल, तर तुमचा अनुभव जरूर कळवा. पुढच्या भागात बॅटरीकडे वळू. तोवर, नमस्कार.